फुटका चष्मा आणि त्यावरचं लेबल



पेट झाली, गाइड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर असलेल्यांचा एक प्रश्न हमखास येतो. "ताई, लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे नक्की काय करायचं? पन्नास पेपर वाचले, प्रत्येकाचा सारांश लिहिला, तरी गाइड म्हणतात यात तुझं काहीच नाही." माझ्या पहिल्या वर्षी मला अगदी हेच ऐकायला मिळालं होतं. आमचे सर लाल पेनाने समासात एकच शब्द लिहायचे: "मग?"

तर आज एका पुस्तकाची समीक्षा करूया. पुस्तक आपल्या विषयातलं नाही, इतिहासातलं आहे. मी वनस्पतिशास्त्राची, माझा निम्मा दिवस हर्बेरियममध्ये वाळलेल्या पानांसोबत जातो. पण दुसऱ्याच्या विषयातला दावा तपासताना आपण जास्त सावध असतो. ओळखीच्या शब्दांना भुलत नाही. म्हणून मुद्दाम हे पुस्तक.

पुस्तक आहे शंतनु दास यांचं 'इंडिया, एम्पायर अँड फर्स्ट वर्ल्ड वॉर कल्चर', केंब्रिजने २०१८ मध्ये काढलेलं. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांनी काय भोगलं, काय लिहिलं, काय गायलं, हा त्याचा विषय. मी मात्र सगळ्या पुस्तकाबद्दल बोलणार नाही. दास यांनी आपल्या लेखनातून ज्या एका वस्तूकडे जगाचं लक्ष वेधलं, त्या वस्तूबद्दल बोलणार आहे. तो आहे एक फुटका चष्मा.

चष्म्याचा मालक

पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी चंदननगर आहे. तिथे एके काळी फ्रेंच गव्हर्नर डुप्ले राहायचा, त्या वास्तूत आज संग्रहालय आहे. हा चष्मा तिथे ठेवलेला आहे. तो होता जोगेंद्रनाथ सेन या तरुणाचा.

जोगेंद्रनाथ चंदननगरचा. १९१० मध्ये तो इंग्लंडला गेला, लीड्स विद्यापीठात. १९१३ मध्ये इंजिनिअरिंगची बी.एस्सी. झाला आणि परत न येता तिथेच नोकरीला लागला, लीड्स नगरपालिकेच्या वीजकेंद्रात सहायक अभियंता म्हणून. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. सप्टेंबर १९१४ मध्ये लीड्स शहराने स्वतःची पलटण उभी केली, १५वी वेस्ट यॉर्कशायर, जिला लोक 'लीड्स पाल्स' म्हणत. पाल्स म्हणजे दोस्त. एका गावातले, एका ऑफिसातले, एका क्लबातले लोक एकत्र भरती व्हायचे. सुरुवातीलाच नाव नोंदवणाऱ्यांत जोगेंद्रनाथ होता. पलटणीत तो झाला 'जॉन सेन'.

यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात प्रशिक्षण झालं, डिसेंबर १९१५ मध्ये पलटण सुएझ कालव्याच्या पहाऱ्यासाठी इजिप्तला गेली, मार्च १९१६ मध्ये फ्रान्सला आली. २२ मे १९१६ च्या रात्री सोमच्या आघाडीवर तोफगोळ्यांच्या माऱ्यात तो मारला गेला. वय २८. हुद्दा प्रायव्हेट, म्हणजे साधा शिपाई. कोलांकांजवळच्या लष्करी दफनभूमीत त्याची कबर आहे आणि लीड्स विद्यापीठाच्या स्मारकावर नाव आहे. त्याचं सामान चंदननगरला घरी आलं, त्यात हा चष्मा होता.

पुढे साधारण सहा आठवड्यांनी, १ जुलै १९१६ ला, ही पलटण सेर गावासमोर खंदकातून बाहेर पडली आणि काही मिनिटांत जवळजवळ संपली. मेलेले आणि जखमी मिळून पाचशेच्या वर.

एवढं वाचून झालं की पोटात काहीतरी हलतं. माझंही हललं, मीही २८ चीच आहे. पण रिव्ह्यू सुरू होतो तो याच्यानंतर. सरांचा लाल पेनाचा प्रश्न: "मग?"

दास काय करतात, आणि ते का महत्त्वाचं

आधी पुस्तकाची ताकद समजून घेऊया. नुसत्या चुका काढणं म्हणजे समीक्षा नव्हे.

या युद्धासाठी हिंदुस्थानातून १३-१४ लाख माणसं भरती झाली. साठ हजारांहून जास्त परत आली नाहीत. पण त्यांतले बहुतेक निरक्षर होते. फ्रान्समध्ये असलेल्या शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचे, भाषांतर करायचे आणि उतारे काढून वर पाठवायचे. आज आपल्यापर्यंत जे पोचलंय ते मुख्यतः हे इंग्रजी उतारे. आता थर मोजा: शिपाई बोलला, लेखनिकाने लिहिलं, सेन्सॉरने निवडलं, भाषांतरकाराने फिरवलं. त्यात शिपायाला माहीत होतं की कोणीतरी वाचणार आहे, म्हणून त्याने आधीच हात राखून सांगितलेलं. आपल्या भाषेत बोलायचं तर मूळ सिग्नलवर चार-पाच फिल्टर लागलेत.

दास यांचं म्हणणं असं, की मग फक्त कागदांवर का थांबायचं? वस्तू बघा, फोटो बघा, पंजाबातल्या बायकांची गाणी ऐका, कथा-कादंबऱ्या वाचा. ज्याने लिहिलं नाही त्याचंही काहीतरी मागे उरलेलं असतं. पद्धत म्हणून ही मोठी गोष्ट आहे. त्यांनी 'डेटा' शब्दाचा अर्थच रुंद केला. हे मी मनापासून मान्य करते.

आता माझी अडचण सांगते. हर्बेरियममध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की नमुन्याइतकंच लेबल महत्त्वाचं. कुठे सापडलं, कधी, कोणी गोळा केलं, आजूबाजूला काय होतं. लेबल नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी तो गवत. आणि लेबलवर नमुना सांगतो त्यापेक्षा जास्त लिहिलं, तर ते त्याहून वाईट. सेनच्या चष्म्यावर आज तीन लेबलं चिकटलेली दिसतात, काही दास यांच्यामुळे, बरीचशी त्यांच्यानंतर वर्तमानपत्रांनी आणि वेबसाइटांनी केलेल्या पुनर्कथनामुळे. एकेक बघूया.

लेबल पहिलं: 'महायुद्धात मेलेला पहिला बंगाली'

हे मथळ्यांत हमखास असतं. 'पहिला' हा संशोधनातला सगळ्यात महागडा शब्द आहे, हे मी अनुभवाने सांगते. दुसऱ्या वर्षी मी एक छोटा पेपर लिहिला होता, एका वनस्पतीची महाराष्ट्रातली 'पहिली नोंद' म्हणून. मी दोन हर्बेरियम तपासली होती. रिव्ह्यूअरने विचारलं, तिसरं बघितलंत का? बघितलं. तिथे सुमारे सत्तर वर्षांपूर्वीचा नमुना शांतपणे पडून होता, जुन्या नावाखाली. पेपर परत आला. सर म्हणाले, "अगं, पहिली म्हणजे तुला पहिल्यांदा दिसलेली." चूक पूर्णपणे माझी होती.

'पहिला' सिद्ध करायचं म्हणजे त्याआधी कोणीच नव्हतं हे सिद्ध करायचं. ऑगस्ट १९१४ ते मे १९१६ या २१ महिन्यांत मेलेल्या प्रत्येकाची मातृभाषा कळली पाहिजे. लष्करी नोंदींत नाव असतं, नंबर असतो, पलटण असते. मातृभाषेचा रकाना नसतो.

आणि एक अख्खा गट मथळा लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर काम करणारे खलाशी, ज्यांना 'लस्कर' म्हणत. सिल्हेट, चितगाव इकडचे कितीतरी बंगाली बोलणारे लोक त्यांत होते. कोलकात्यात हुगळीच्या काठावर लस्करांचं स्मारक आहे, अविभाजित बंगाल आणि आसाममधल्या ८९६ मृत खलाशांचं. आपल्या मुंबईतही मस्जिद बंदरला खलाशांच्या जुन्या निवासात असंच स्मारक आहे, दोन हजारांहून जास्त मृतांसाठी. त्या २१ महिन्यांत समुद्रात जहाजं बुडत होती. त्यांच्यावर बंगाली बोलणारा एकही माणूस नव्हता, असं धरायला आधार काय?

म्हणून 'मेलेला पहिला बंगाली' हे वाक्य टिकत नाही. 'लढाईत मेलेला, आज माहीत असलेला पहिला बंगाली सैनिक' असं म्हटलं, तर बोलता येईल. वाक्य लांब झालं, मथळा बसत नाही, पण खरं झालं. मला इथे खटकतं ते हे, की एका पदवीधराचं नाव 'पहिलं' करताना शेकडो खलाशी पुन्हा एकदा पाण्याखाली जातात.

लेबल दुसरं: 'रंगामुळे बढती नाकारली'

हा दावा जास्त गंभीर आहे आणि जास्त अवघडही. त्याचा मुख्य आधार म्हणजे सेनच्याच पलटणीतल्या, त्याच्यासोबत राहिलेल्या आर्थर डॅल्बी यांची मुलाखत. त्यांनी सांगितलं ते असं: आमच्यात सेनच सगळ्यात शिकलेला होता, त्याला सातेक भाषा यायच्या, पण त्याला लान्स कॉर्पोरलसुद्धा केलं नाही, कारण काळ्या माणसाला गोऱ्याच्या वर बसवायची तेव्हा पद्धत नव्हती.

मुलाखत आहे १९८८ ची. घटनेनंतर ७० वर्षांनी. हे ऐकल्यावर आपल्यातले काही जण लगेच म्हणतील, म्हातारपणची आठवण, सोडून द्या. नाही. सोडायचं नाही, तपासायचं.

तपास एक: विधान सार्वत्रिक म्हणून घ्या, 'कोणत्याही काळ्या माणसाला गोऱ्यांवर हुद्दा मिळत नसे'. वॉल्टर टल हा फुटबॉलपटू, वडील बार्बाडोसचे. तो मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये आधी सार्जंट झाला, मग मे १९१७ मध्ये अधिकारी झाला आणि २५ मार्च १९१८ ला मारला गेला. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय, लंडनच्या शाळेत शिकलेला, १९१७ मध्ये वैमानिक अधिकारी झाला, २२ जुलै १९१८ ला गेला. आणि आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर, केंब्रिजमध्ये शिकलेला, २३ स्क्वाड्रनचा वैमानिक. जून १९१८ च्या शेवटी जर्मनांच्या कैदेत जखमांनी वारला. म्हणजे सार्वत्रिक विधान पडलं.

पण थांबा, तारखा बघा. रॉय, वेलिणकर, टलचं अधिकारीपद, सगळं १९१७ किंवा त्यानंतरचं. तोवर अधिकाऱ्यांची दुसरी फळीही मरत चालली होती आणि दार किलकिलं झालं होतं. सेन त्याआधीच मेला. त्यामुळे १९१४ ते मे १९१६ पुरतं डॅल्बी यांचं म्हणणं पडत नाही. टल सार्जंट झाला हा अपवाद तेव्हाचा. अपवाद असला म्हणून भेदभाव नव्हता असं होत नाही, नियमातून एक जण निसटला एवढंच होतं.

तपास दोन, हा विज्ञानवाल्यांसाठी: कंट्रोल ग्रुप कुठे आहे? लीड्स पाल्स ही सुशिक्षितांची पलटण. कारकून, शिक्षक, पदवीधर असे लोक साधे शिपाई म्हणून भरती झालेले. मग 'पदवीधर असून प्रायव्हेट राहिला' यात वेगळं किती आणि नेहमीचं किती? त्याच पलटणीतल्या गोऱ्या पदवीधरांची यादी काढायची आणि मे १९१६ पर्यंत त्यांतल्या किती जणांना किमान एक फीत मिळाली ते मोजायचं. पुनर्कथन करणारे लेख ही तुलना करत नाहीत, सरळ निष्कर्षावर उडी मारतात. एखाद्या एम.ए. च्या विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी विषय हवा असेल तर घ्या, फुकट देतेय.

मग डॅल्बी यांची साक्ष कशाचा पुरावा? माझ्या मते ती याचा पुरावा आहे: सोबतच्या गोऱ्या शिपायाला हा अन्याय दिसला होता, त्याला त्याचं कारण रंग वाटलं होतं, आणि ७० वर्षं ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. हा पुरावा लहान नाही. फक्त तो लष्करी धोरणाचा पुरावा नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर दोन्ही टिकतात, एकत्र केल्या तर टीकाकार एका धक्क्यात दोन्ही पाडतो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'साक्ष' आणि 'कारण' एकाच वाक्यात असतील तर ते वाक्य आजच तोडा.

लेबल तिसरं: 'हिंदी शिपायाची कहाणी'

इथे माझी तक्रार थोडी दास यांच्याकडेही जाते. फार नाही, पण जाते.

जंगलात नमुने गोळा करणारे लोक रस्त्याच्या कडेने चालतात. त्यामुळे जगभरच्या हर्बेरियममध्ये रस्त्याकाठच्या वनस्पती जास्त भरल्यात. नकाशावर ठिपके टाकले की असं वाटतं की ही वनस्पती रस्त्याकाठीच उगवते. प्रत्यक्षात रस्त्याकाठी माणूस उगवला होता.

संग्रहालयंही अशीच भरतात. सेनचा चष्मा का उरला? कारण तो शिकलेल्या घरातला होता, ब्रिटिश पलटणीत होता, त्याचं सामान बांधून पत्त्यावर पाठवलं गेलं, आणि घरी ते जपणारे लोक होते. तो हिंदी सैन्यात नव्हताच. वर दिलेल्या १३-१४ लाखांत त्याची गणना नाही. त्याचं गाव तर तेव्हा ब्रिटिशांच्या नव्हे, फ्रेंचांच्या ताब्यात होतं. आणि बंगाल्यांना ब्रिटिश तेव्हा 'लढवय्या जात' मानत नसत. बंगाली पायदळाची तुकडी उभी राहिली तीच १९१६ मध्ये, आणि '४९वी बंगाली' ही पूर्ण पलटण १९१७ ची. म्हणजे सेन हा प्रातिनिधिक नमुना नाही, तो आउटलायर आहे.

त्याच वसंतात मेसोपोटेमियात कुट-अल-अमाराचा वेढा चालू होता. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या सैन्याने शरणागती पत्करली, सेनच्या मृत्यूच्या तेवीस दिवस आधी. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. म्हणजे सातारा, रत्नागिरी इकडची आपलीच माणसं, भुकेने घोड्याचं मांस खायची पाळी आलेली. त्याच वेढ्यात शिशिर सर्वाधिकारी नावाचा बंगाली रुग्णसेवकही होता. त्याने पुढे आठवणींचं पुस्तक लिहिलं, ते १९५७ मध्ये छापलं गेलं, आणि दास त्यावर फार सुंदर लिहितात. पण बघा काय होतं: एकाच वेढ्यातून लिहू शकणाऱ्याचं मन आपल्यापर्यंत पोचतं आणि न लिहू शकणाऱ्याचा बहुतेक वेळा फक्त आकडा.

दास यांना हे माहीत नाही असं अजिबात नाही. गाणी आणि वस्तूंकडे ते वळले तेच या कारणाने. माझं म्हणणं एवढंच: चष्मा इतका बोलका आहे की तो वाचकाच्या मनात बाकीच्यांची जागा घेतो. पुस्तक मिटल्यावर मला सगळ्यात आधी चष्माच आठवला. म्हणूनच अशा वस्तूजवळ जाड अक्षरात लिहायला हवं: हा नमुना रस्त्याच्या कडेचा.

मग चष्म्याचं करायचं काय?

खरं सांगू? चष्म्याबद्दल वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला, भिंगाचा नंबर मोजता येईल. लेन्समीटरवर पाच मिनिटांचं काम. मग विचार केला, मोजला तरी काय कळेल? त्याला किती अंतरावरचं धूसर दिसायचं ते. तो का भरती झाला, लीड्सच्या रस्त्यावर त्याला काय ऐकून घ्यावं लागलं, त्या रात्री अंधारात तो काय शोधत होता, यातलं काहीच कळणार नाही. अचूक आकडा मिळाला म्हणून अचूक उत्तर मिळतंच असं नाही. हे मी दास यांच्या बाजूने म्हणतेय. त्यांची पद्धत आपल्याला अघळपघळ वाटते, पण ती असा प्रश्न विचारते ज्याला लेन्समीटर चालत नाही: एक माणूस मेला म्हणजे नक्की काय मोडलं?

सगळी लेबलं काढून टाकल्यावर जे उरतं ते असं. एक मुलगा शिकायला परदेशी गेला. पदवी घेतली, नोकरी लागली. सक्ती नसताना त्या शहराच्या पलटणीत नाव घातलं. त्याच्याहून कमी शिकलेल्यांच्या हुकमाखाली वीस महिने काढले आणि मेला. त्याचा चष्मा फुटला. एवढं मात्र नक्की आहे, याला 'पहिला' नको आणि 'प्रातिनिधिक' नको. त्याचं दुःख सिद्ध करायला त्याला लाखोंचा प्रतिनिधी करावं लागत नाही.

थोडक्यात माझं मत: पुस्तक वाचाच, विशेषतः पद्धतीसाठी. चष्म्यावरच्या बातम्या मात्र मथळ्यावर विश्वास न ठेवता वाचा.

आणि आता गृहपाठ. तुमच्या रिव्ह्यूमधले कोणतेही तीन पेपर घ्या. प्रत्येकातला एक मुख्य दावा एका ओळीत लिहा. त्याखाली तीन प्रश्न: 'पहिला', 'फक्त', 'नेहमी' असे शब्द कुठे आहेत? तुलनेसाठी दुसरा गट आहे का? नमुना रस्त्याच्या कडेचा तर नाही? उत्तरं तुमच्या शब्दांत लिहा, अगदी बोलीभाषेत लिहिली तरी चालतील. तीन पेपरांचं दीड पान होईल. तेवढं दीड पान तुमचं स्वतःचं असेल, आणि गाइडकडे पहिल्यांदा तेच घेऊन जा.